घेण्यास नकार

पत्र शुक्रवारी आलं होतं, पण भिवाजीने ते रविवारपर्यंत फोडलं नाही. सरकारी शिक्क्याचं पाकीट या घरात धाकट्या भावाशिवाय, नामाशिवाय, कुणी उघडायचं नाही, हा त्यांच्या आईने घालून दिलेला रिवाज. ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या त्या आळीत शाळेची पायरी पहिल्यांदा चढला तो नामा. त्यामुळे कुठलाही कागद आला की आई म्हणायची, "नामाला येऊ दे. तो वाचील, मग रडायचं का हसायचं ते ठरवू." आई जाऊन वीस वर्षं झाली. नामा डोंबिवलीला शाळेत लागला, तिथेच दोन खोल्या घेतल्या आणि गेल्या वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्तही झाला. रिवाज मात्र मोडला नव्हता. पाकीट दोन दिवस देवाच्या फळीवर करंड्याला टेकून उभं होतं आणि भिवाजी खाली खाटेवर बसून त्याच्याकडे बघत होता.

नामा पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. नोव्हेंबर असूनही खाडीवरून गार वारा नव्हता. ओटीवर शेवंतीवहिनी पाटीतले बोय मासे साफ करत बसली होती. थोरली बहीण सगुणा सकाळीच मोहन्याहून आली होती, ती दाराशी पाय पसरून बसलेली.

"ये रं, ये," सगुणा म्हणाली. "तुजी वाट बघून भिवाचा चहा तीनदा थंड जाला. मास्तरकी सुटली तरी तुजी घंटा काय वेळेवर वाजत नाय."

"वाटेत गाडी रखडली, अक्का."

"रखडली म्हने. तू लहानपनी पन असाच. मासली शिजली का हजर, जाली सोडवायची असली का पोटात दुखतंय."

नामा हसला. हसता हसता त्याची नजर फळीवरच्या पाकिटाकडे गेली आणि हसू तिथेच संपलं. हे पाकीट कधीतरी येणार हे त्याला आठ महिन्यांपासून ठाऊक होतं. खरं म्हणजे सतरा वर्षांपासून.

आठ महिन्यांपूर्वी हे सगळं सुरू केलं ते शुभदाने. भिवाजीच्या मुलाची, आनंदाची, ही बायको नौपाड्यातली, एका वकिलाकडे टायपिस्ट. लग्न झालं तेव्हा दोन्हीकडची माणसं तोंड वाकडं करून बसली होती, पण पोरगी कामाची निघाली. सासऱ्याच्या दम्याच्या औषधासाठी कागद चाळताना तिच्या हाती भिवाजीचं डिस्चार्ज बुक आलं. बावीस वर्षं इंजिनियर पलटणीत काढून हवालदार म्हणून सुटलेला माणूस, एकाहत्तर साली पूर्वेकडच्या नदीवर सलग तीन रात्री होडीने जवान उतरवलेला, आणि पदकांच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ.

"बाबा, इथे काहीच कसं नाही?" तिने विचारलं होतं.

"सुटलो तेव्हा मिळायची होती. घरी पाठवतो बोलले. मग विसरले असतील. लाखभर आदमी असतो फौजेत."

भिवाजी हे इतक्या सहज म्हणाला, की ते त्याला टोचत असेल असं नव्या माणसाला वाटू नये. पण नामाला माहीत होतं. दर सव्वीस जानेवारीला संध्याकाळी आळीजवळच्या शाळेच्या पटांगणावर माजी सैनिकांना बोलावत आणि आपल्या शाळेचं आटोपून नामाही तिथे येई. बाकीचे छातीवर बिल्ले लावून पुढच्या खुर्च्यांवर बसत आणि भिवाजी मागे, कडेला. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तोंडावर विचारलं, "काका, तुमचे बिल्ले कुठे? का होडीच दुसऱ्याने वल्हवली?" लोक हसले. त्यानंतर भिवाजी पटांगणावर गेला नाही, आणि आळीतल्या पोरांना नदीची गोष्ट सांगायचंही त्याने बंद केलं. आता दम्याने छातीचा भाता झाला होता. येत्या सव्वीस जानेवारीला एकदा तरी पुढच्या खुर्चीवर बसायचं, एवढंच त्याने सुनेला सांगितलं होतं. मग तिने अर्ज टाईप केला आणि इंग्रजी तपासायला नामाकाकांकडे डोंबिवलीला आणला. नामाने दोन चुका काढून दिल्या. तिसरी गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि चहा घेतेस का, असं विचारलं.

"आनंदा, पाकीट दे काकाला," भिवाजी म्हणाला. "सगुणे, आता जरा तोंड बंद."

आनंदाने पाकीट काढून दिलं. नामाने चष्मा पुसला, कडेने सावकाश फोडलं, तीन कागद बाहेर काढले. पहिला इंग्रजी मजकुराचा. दुसरा त्याला जोडलेला. तिसरी कशाची तरी झेरॉक्स. ती त्याने अर्धवट पाहिली आणि लगेच खाली दडपली. ओटीवर शेवंतीच्या कोयत्याचा आवाज थांबला होता.

"काय म्हणतात?" भिवाजीने विचारलं.

नामाने पत्र सगळं वाचलं. सबंध आयुष्य त्याने या माणसाला पत्रं वाचून दाखवली आणि या माणसाला पत्रं लिहिली. आवाज कसा ठेवायचा हे त्याला माहीत होतं.

"तुझी सेवा त्यांना मान्य आहे, दादा. तीन पदकं तुझ्या नावावर निघतात असं लिहिलंय. एकाहत्तरच्या लढाईचं 'पूर्वी स्टार' आहे, संग्राम मेडल आहे, आणि लांब सेवेचं एक."

"तीन!" सगुणाने कपाळाला हात लावला. "अगो बाय, तीन!"

भिवाजीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते नामाला बघवेना. त्याने मान खाली घातली. "पण जुनी बाब आहे. आणखी काही कागदपत्रं मागतात. वेळ लागेल म्हणतात."

"किती?"

"सांगता येत नाही. मी बघतो. हे सगळं मी डोंबिवलीला घेऊन जातो आणि सवडीने उत्तर लिहितो."

तो कागदांची घडी घालू लागला. तेवढ्यात शुभदाने हात पुढे केला. तिच्या मनात काही नव्हतं. "काका, मला द्या ना. फाईलला लावते. कुठले कागद मागितलेत त्याची यादी करून उद्याच सैनिक बोर्डात विचारते."

"राहू दे गं. मी करतो."

"अहो, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? ऑफिसातून चालत पाच मिनिटांवर आहे."

द्यायचं नाही म्हणावं तर कारण हवं. नामाला कारण सुचलं नाही. पोरांना तो नेहमी सांगे, उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणून सरळ सांगावं. त्याने कागद तिच्या हातात दिले.

शुभदा उभ्याउभ्याच वाचू लागली. अर्धं पान झाल्यावर तिने नामाकडे पाहिलं, परत पत्राकडे पाहिलं. वकिलाच्या ऑफिसात पाच वर्षं काढलेली मुलगी, तिला एवढं इंग्रजी दोनदा वाचावं लागत नव्हतं.

"काका, हे तुम्ही वाचलं नाहीत."

"काय नाही वाचलं?" आनंदा म्हणाला.

"यात लिहिलंय की पदकं पाठवली होती. चौऱ्याहत्तर साली, रजिस्टर पार्सलने, याच पत्त्यावर. इथून ती परत केली गेली. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून. म्हणून बाबांच्या नावापुढची नोंद रद्द झाली." ती थांबली. "आणि विचारतात, ज्या सैनिकाने स्वतःच पदकं नाकारली तो आता सतरा वर्षांनी ती कशी मागतो? तीस दिवसांत खुलासा नाही आला तर प्रकरण बंद."

 पाटीतला एक बोय अजून जिवंत होता, त्याने शेपटी आपटली.

"झूठ आहे," भिवाजी म्हणाला. "साफ झूठ. मी नाकारीन? मी?" त्याला खोकल्याची उबळ आली. शेवंती पाणी घेऊन उठली नाही, म्हणून सगुणा उठली.

"पोस्टातल्या कुणीतरी हरामखोरी केली असणार," आनंदा म्हणाला. "पार्सल दाबलं आणि शेरा ठोकला. आपण तक्रार करू. शुभदा, ती झेरॉक्स कसली?"

"पार्सलच्या कापडाची. शेरा हाताने लिहिलाय. तारीख पण आहे, एकोणीस जुलै."

आनंदाने ती हातात घेतली. बघता बघता त्याचा चेहरा बदलत गेला. सातव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत, याच ओटीवर, ज्या अक्षराखाली त्याने रोज पान पान गिरवलं होतं, ते टपोरं, उजवीकडे किंचित झुकलेलं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. घरातल्या सगळ्यांच्याच ओळखीचं होतं.

"काका," तो हळू म्हणाला, "हे तुमचं आहे."

नामा खाटेच्या कडेवर बसला होता तो उठून खाली, जमिनीवर बसला. का ते त्यालाही कळलं नाही.

"हो," तो म्हणाला. "मी लिहिलंय."

भिवाजीचा खोकला थांबला होता. तो भावाकडे नुसता बघत राहिला, जसं परक्या भाषेत कुणी बोलावं आणि आपण ओठांकडे बघत राहावं.

"एकोणीस जुलै," सगुणा बोटं मोजत म्हणाली. मग तिने पदर तोंडाला लावला. "मालू गेली त्याचा तिसरा दिस."

मालू हे नाव या घरात कुणी काढत नसे. भिवाजीची धाकटी, आनंदाच्या पाठची. चार वर्षांची होऊन दोन दिवसांच्या तापाने गेली. भिवाजी तेव्हा फौजेतून सुटून कांडला बंदरात ड्रेजरवर, गाळ काढणाऱ्या बोटीवर, लागला होता. तार त्याला उशिरा मिळाली, तो सातव्या दिवशी पोचला.

"सुतक व्हतं ना घरात!" सगुणाला एकदम आधार सापडला. ती नामाच्या बाजूने पुढे सरकली. "सुतकात कोन वस्तू घेतंय, भिवा? मीठ पन शेजारनीकडून घेत नाय आपन. आन ती तर मानाची वस्तू. पोर पुरून तीन दिस नाय जालं आन दारात बक्षीस घ्यायचं? नामाने बरोबर केलं. मी असती तर मी पन परत लावलं असतं."

"आते, सुतक दहा दिवसांचं असतं," आनंदा म्हणाला. "पोस्टमनला सांगायचं ना, दहा दिवसांनी आण म्हणून. नकार का लिहायचा?"

"तुना काय कळतंय? नऊ वर्साचा व्हतास तू."

"नऊ वर्षांचा होतो म्हणूनच आठवतंय. घरी भांडी वाजलेली. आई ओरडलेली. मला समोरच्या घरी पाठवलेलं."

सगळ्यांच्या माना ओटीकडे वळल्या. शेवंतीने कोयता बाजूला ठेवला होता. हात खवल्यांनी माखलेले, ते तिने मांडीवर तसेच ठेवले होते.

नामाने घाईने सांगायला सुरुवात केली, कारण तिने बोलू नये असं त्याला वाटत होतं. "दादा, सीताराम पोस्टमन आला. फौजेचं पार्सल म्हणून तो खूश होता बिचारा. मी सुतकाचं सांगितलं. तो म्हणाला, फौजेच्या वस्तूवर मी काही लिहिणार नाही गुरुजी, तुम्ही लिहा. मी लिहिलं. माझी चूक आहे. माझी एकट्याची."

"एकट्याची नाय, भावजी," शेवंती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही..."

"मी सांगितलं व्हतं," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "भावजी घेनार व्हते. सई करायला पेन काढलं व्हतं. मी आतून धावत आली. मी बोलली, त्याना सांगा, मना तुमचे बिल्ले नको. बावीस वर्सं नवरा नेला, सोडला तर तो दुसऱ्या समुद्रावर गेला. पोर माझ्या मांडीवर, एकलीच्या मांडीवर, गेली. बिल्ले घेऊन मी काय पोरीच्या गल्यात बांधू? परत लावा नाय तर मी खाडीत टाकीन. भावजींनी माझ्यासाठी लिवलं."

इतकी वर्षं झाली, तरी ते बोलताना ती रडली नाही. रडली ती सगुणा.

 भिवाजीच्या श्वासाची शिट्टी वाजत होती. मग तो उठला, भिंतीला धरत ओटीवर गेला आणि बायकोच्या शेजारी खाली बसला. आपल्या बायकोच्या शेजारी जमिनीवर बसताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"मना बोलायचंस," तो म्हणाला. पलटणीतलं हिंदी, ठाण्यातलं मराठी सगळं गळून पडलं होतं, आईची बोली तेवढी उरली होती. "मी काय मारला असता तुला?"

"तुमी आलात तवा तोंडातून शब्द निघत नव्हता तुमच्या. मग काय सांगायचं?"

"तू आय व्हतीस तिची. तुजा हक्क व्हता." त्याने तिचा खवल्यांचा हात धरला. "टाकलं असतंस खाडीत तरी मी काय बोललो नसतो."

नामाला वाटलं, संपलं. सतरा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा दुसऱ्या कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. त्याने डोळे पुसले. शुभदाही खाली बसली आणि कामाच्या आवाजात म्हणाली, "मग खुलासा सोपा आहे. ज्यांनी परत केलं त्यांनीच प्रतिज्ञापत्र द्यायचं. बाबा गावात नव्हते, त्यांना माहीत नव्हतं, सुतकामुळे घेतलं नाही. साहेब करून देतील. नोंद दुरुस्त होईल."

"होईल?" भिवाजीने विचारलं.

"होणारच. तुमचा दोष कुठे आहे?"

भिवाजीने मान हलवली. मग तो तसाच, ओटीवरून, नामाकडे न बघता म्हणाला, "नामा, मी सातव्या दिवशी आलेलो. पार्सल जाऊन चार दिवस झालेले. कुठवर पोचलं असेल? मी तार केली असती तर मिळालं असतं."

"मिळालं असतं, दादा."

"तू दहाव्याला माझ्या शेजारी बसलेलास. बाराव्याला होतास. मला स्टेशनवर सोडायला आलेलास."

"हिंमत झाली नाही. तुझं ते दुःख... त्यात हे कुठे सांगायचं?"

"ठीक. मानलं." भिवाजीने श्वास घेतला. "मग अठ्ठ्याहत्तर साली मी नोकरी सोडून आलो. तुला बोललो, नामा, माझी पदकं आली नाहीत, फौजेला एक पत्र टाक. तू बोललास, टाकतो. नंतर बोललास, टाकलं, उत्तर नाही. ब्याऐंशीला परत बोललो. तू बोललास, दुसरं पण टाकलं."

नामा चष्मा पुसू लागला.

"टाकलेलंस?"

अंगणापलीकडे कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. आनंदा काकाकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत काहीतरी अजून 'हो' म्हणा, असं म्हणत होतं.

"नाही," नामा म्हणाला.

"एक पण?"

"एकही नाही. पत्र गेलं असतं तर उत्तरात हा शेरा आला असता. वहिनींचं नाव आलं असतं. मला वाटलं..."

"तिचं नाव पुढे करू नको," भिवाजी म्हणाला. आवाज अजिबात चढला नाही. "तिने एकदा नको म्हटलं. पोर गेलेली तेव्हा म्हटलं. तिला कागद कुठे जातो, काय होतं, माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. मला पाठीमागे बसलेला तू दरवर्षी बघत होतास. त्या माणसाने होडीचं विचारलं तेव्हा तू माझ्या बाजूच्या खुर्चीवर होतास, नामा. तुला लिहिता येत होतं."



मग भिवाजी परत खाटेवर येऊन बसला. "आनंदा, कागद दे. आता लिहायचं. उद्यावर नको."

आनंदाने वही दिली. नामाने पेन उघडलं. सवयीप्रमाणे वर समास सोडला आणि लिहू लागला. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होता, "दिनांक एकोणीस जुलै एकोणीसशे चौऱ्याहत्तर रोजी, आमच्या कुटुंबात दोन दिवसांपूर्वी घडलेल्या दुःखद घटनेमुळे..."

"घटना नको," भिवाजी म्हणाला. "मालू लिही. मालू भिवाजी, वय चार."

नामाने खोडलं. मालूचं नाव लिहिलं. तिची जन्माची नोंद कधी झाली नव्हती आणि फौजेच्या कुटुंबाच्या पानावरही ती नव्हती, कारण बाप रजेवर येईल तेव्हा भरू म्हणून राहून गेलं होतं. तिचं नाव कुठल्याही कागदावर पहिल्यांदाच उमटत होतं, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. त्याने पुढे सीतारामचं लिहिलं, शेऱ्याचं लिहिलं. मग न लिहिलेल्या दोन पत्रांचंही लिहिलं.

"काका, ते कशाला?" शुभदा हळूच म्हणाली. "त्यांनी ते विचारलेलं नाही. कायद्याने गरज नाही त्याची."

नामाने भावाकडे पाहिलं.

"राहू दे," भिवाजी म्हणाला. "झालंय ते आहे."

नामाने सगळं वाचून दाखवलं. सरळ, न थांबता, शब्द न गाळता. खाली सही केली. भिवाजीने कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत त्यावरून नजर फिरवली, आणि तो आनंदाकडे न देता सुनेकडे दिला.

"पोरी, हे तू ने. उद्या टाईप कर. यापुढे माझं पत्र आलं की तूच फोड, कुणाची वाट बघायची गरज नाही. मला काय ते सांग, गोड-कडू जे असेल ते."

शुभदाने एकदा नामाकडे पाहिलं आणि कागद घेतला.

नामा उठला.  तो कोपऱ्यातली आपली छत्री शोधू लागला. छत्री त्याने आणलीच नव्हती.

"शेवंते," भिवाजी भिंतीकडे तोंड करून आडवा होत म्हणाला, "आधी गुरुजींचं पान वाढ. त्यांना लांब जायचंय."

सारी आळी नामाला गुरुजी म्हणत असे. भिवाजीने कधीच म्हटलं नव्हतं.

शेवंतीने पान वाढलं. नामा बसला, पाहुण्यासारखा एकटाच, आणि पानात पडलेलं सगळं त्याने खाली मान घालून संपवलं.